बनशंकरीत जेवायला बसण्याआधी

बंगळुरूच्या पत्त्यात ‘स्टेज’ हा शब्द आला की आपला माणूस गोंधळतोच. बनशंकरी फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज, थर्ड स्टेज असं करत करत हे प्रकरण सिक्स्थ स्टेजपर्यंत जातं. माझ्या बाबांनी फोनवर पत्ता उतरवून घेताना विचारलं होतं, “अगं, ही वस्ती आहे की नाट्यगृह?”

वस्तीच आहे. दक्षिण बंगळुरूतली, टप्प्याटप्प्यानं वाढलेली, झाडांच्या गल्ल्यांची आणि दर दोन चौकांवर कॉफीचा वास येणारी. तुमच्यापैकी अनेकांची मुलं-सुना आता या शहरात नोकरीला आहेत, तेव्हा कधी ना कधी तुमचीही इथे चक्कर होईलच. घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर कुठे जेवायचं, काय मागवायचं आणि कशाची काळजी घ्यायची, हे आधी माहीत असलेलं बरं. मला ते माहीत नव्हतं. त्याची किंमत एका रविवारी संध्याकाळी मोजावी लागली, म्हणून हा लेख.

देवीचं नाव, देवीचा भाग

या भागाला नाव मिळालं ते कनकपुरा रोडवरच्या बनशंकरी अम्मा देवळामुळे. हे देऊळ १९१५ साली सोमण्णा शेट्टी यांनी बांधलं. मूळ ठाणं मात्र इथून बरंच दूर, बागलकोट जिल्ह्यात बदामीजवळ आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची ती कुलस्वामिनी. आमचीही. पौषात शाकंभरी नवरात्र बसतं ते तिचंच. दुष्काळात भाज्या-फळं देऊन जिनं माणसं जगवली ती शाकंभरी, म्हणून नैवेद्यात भाज्यांचा मान मोठा. थोडक्यात, जेवू घालणारी देवी आहे ही.

इथल्या देवळाची खासियत म्हणजे राहुकाळातली पूजा. आपण राहुकाळ टाळतो, इथे तो साधतात. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी बायकांची गर्दी उसळते. लिंबू अर्धं कापून, रस पिळून, साल उलटी करायची की झाली पणती. त्यात तूप आणि वात. रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा. मेट्रोनं यायचं असेल तर ग्रीन लाइनवर ‘बनशंकरी’ याच नावाचं स्टेशन आहे. २०१७ च्या जूनपासून सुरू असलेल्या या स्टेशनवरून देऊळ चालत गाठता येतं.

आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. आईला बदामीच्या देवीचं हे दुसरं घर बघायचं होतं. रविवारी तिनं लिंबाचे दिवे लावले, शेजारच्या बाईनं साल कशी उलटायची ते खुणांनी शिकवलं, दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना दहा मिनिटं गप्पा झाल्या. बाहेर पडेपर्यंत साडेसहा वाजले.

रविवारची संध्याकाळ

जवळच एक रेस्टॉरंट मी आधीच हेरून ठेवलं होतं. गाद्यांच्या खुर्च्या, पिवळे दिवे, उत्तर-दक्षिण-चायनीज सगळं एका मेन्यूत. नाव सांगत नाही, कारण असं रेस्टॉरंट तुमच्याही गावात आहे. मला आई-बाबांना ‘चांगल्या’ ठिकाणी न्यायचं होतं. लेक बंगळुरूत नीट राहते, नीट कमावते, हे त्यांना दिसावं, अशी त्यामागची इच्छा होती, हे आता कबूल करते.

आम्ही सातला बसलो. ऑर्डर दिली. बाबांना मधुमेह आहे. ऑर्डर दिल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे जेवणाआधीची गोळी घेतली.

सव्वासात. साडेसात. ताज्या लिंबाचं सरबत मागवलं होतं, तेही नाही. मी दोनदा हात केला. वाढणारा मुलगा ‘आलो, आलो’ करत पुढे गेला. आई हळू आवाजात म्हणाली, “अहो, किती वेळ झाला बघा ना.” तो मुलगा थबकला आणि चक्क मराठीत म्हणाला, “काकू, पाच मिनिटं. आत सांगून येतो.” खानापूरचा निघाला, बेळगाव जिल्ह्यातला. एरवी आम्हाला आनंद झाला असता. तेव्हा झाला नाही.

पावणेआठला बाबा बोलायचे थांबले. कपाळावर घाम. पाण्याचा ग्लास उचलला तर हात थरथरत होता. मला काही सुचेना. काउंटरकडे धावावं की बाबांजवळ थांबावं? तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या आजी उठल्या. त्यांनी काही विचारलं नाही. पिशवीतली देवळातल्या प्रसादाची पुडी सोडली आणि बाबांच्या तळहातावर खडीसाखर ठेवली. “कल्लुसक्करे. तिन्नी, तिन्नी.” खडीसाखर. खा, खा. त्यांच्या घरातही हा आजार असावा.

दहा-पंधरा मिनिटांत बाबांचा चेहरा पूर्ववत झाला. मग जेवण आलं. त्यातही रोटीऐवजी नान होता.

झालं होतं असं की ऑर्डर टॅबवर घेतली गेली, पण आत स्वयंपाकघरातल्या छपाईच्या यंत्रातला कागद संपला होता. आमच्यासह चार टेबलांच्या चिठ्ठ्या आत पोचल्याच नव्हत्या. दोन वाढपी रजेवर, त्यामुळे आठ टेबलांना हा एकटा. हे सगळं नंतर कळलं. व्यवस्थापक मात्र आमच्यासमोरच त्या मुलाला बोलत होता.

आता माझं काम सांगते. मी दिवसभर शब्द लिहून पोट भरते. रिक्षात बसेपर्यंत माझा अभिप्राय लिहून तयार होता. एक तारा, आणि खाली ‘वाढणारा मुलगा बेफिकीर’ असं त्याच्या बिल्ल्यावरच्या नावासकट. बाबांना वाचून दाखवला. बाबा तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते.

ते म्हणाले, “गाडी डेपोतनं उशिरा सुटली, टायर फुटला, रस्ता खराब निघाला, तरी तक्रारवहीत नाव कंडक्टरचंच लागायचं. कारण समोर तोच असतो. तक्रार कर, जरूर कर. पण कशाची करायची ते आधी ठरव.”

मी तो मजकूर पाठवला नाही. पुसलाही नाही. तसाच ठेवून झोपले.

उभ्यानं खायची शाळा

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना लवकर भूक लागली आणि मी धसका घेतल्यासारखी त्यांना जवळच्या दर्शिनीत घेऊन गेले. सेकंड स्टेजमधलं साधं दर्शिनी. पिवळे दिवे नाहीत, गाद्या नाहीत. मुळात खुर्च्याच नाहीत.

दर्शिनी म्हणजे काय, हे बंगळुरूबाहेर फारसं माहीत नसतं. आधी पैसे भरा, कूपन घ्या, ते काउंटरवर द्या, ताटली उचला, छातीएवढ्या उंच टेबलाशी उभं राहून खा, ताटली ठरलेल्या जागी ठेवा. स्वयंपाक समोर दिसतो, म्हणून नाव ‘दर्शिनी’. ही पद्धत रुजवण्याचं श्रेय आर. प्रभाकर यांना दिलं जातं. १९८३ मध्ये जयनगरला ‘कॅफे दर्शिनी’ सुरू झालं आणि मग ‘दर्शिनी’ हा शब्द दुकानाचं नाव न राहता प्रकाराचंच नाव झाला. आज दक्षिण बंगळुरूत सकाळी सातला फिरायला निघा. ऑफिसला निघालेला तरुण, दूध घेऊन परतणारे आजोबा, शाळेचा गणवेश घातलेलं पोर आणि रिक्षावाला एकाच टेबलाशी उभे दिसतील.

यात गुपित असं काही नाही. बसायला जागा नाही, त्यामुळे कोणी रेंगाळत नाही. पदार्थ मोजके, तेही सतत होत असलेले, म्हणून इडली शिळी राहायला वेळच मिळत नाही. वाढपी नाहीत, म्हणून दर कमी ठेवता येतात. आमची इडली कूपन दिल्यापासून तीन-चार मिनिटांत हातात होती. बाबांनी घड्याळ बघितलं. कंडक्टरची सवय.

पण गुडघ्यांचं काय? बाबा ताटली घेऊन उभे राहिले, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकू लागले. टेबल पुसणाऱ्या माणसानं ते पाहिलं, आत गेला आणि गल्ल्यामागची प्लॅस्टिकची खुर्ची आणून भिंतीशी ठेवली. बोलला काहीच नाही. पुढच्या टेबलाकडे गेलाही. तेव्हा एक सांगून ठेवते. दर्शिनीत ज्येष्ठांसाठी खुर्ची मागायला लाजू नका. अनेक ठिकाणी एखादं बाकडं असतं, नसेल तर कुठूनतरी खुर्ची येते.

मी मात्र त्या फडक्यावाल्या माणसाकडे बघत बसले. आदल्या रात्री गणवेश होता, बिल्ला होता, ‘गुड इव्हिनिंग सर’ होतं. इथे त्यातलं काहीच नव्हतं, पण माझ्या बाबांचे गुडघे कोणाच्यातरी लक्षात आले होते. अर्थात हेही खरं की या माणसाच्या डोक्यावर आठ टेबलांच्या ऑर्डरी नव्हत्या. त्याला बघायला फुरसत होती. खानापूरच्या मुलाला ती कोणी ठेवलीच नव्हती.

काय मागवाल?

पाट्या वाचून गोंधळू नये म्हणून थोडी ओळख करून देते.

खारा भात म्हणजे भात नव्हे. तो भाज्या घातलेला तिखट उपमा. केसरी भात म्हणजे आपला शिरा, रंगानं केशरी, तुपानं ओथंबलेला. दोन्हींची एकेक मूद एका ताटलीत आली की तो ‘चौ-चौ भात’. पहिल्यांदा आलेल्यानं हाच घ्यावा, दोन्ही चवी कळतात. बिसी बेळे भात मात्र खरोखर भाताचा. बिसी म्हणजे गरम, बेळे म्हणजे डाळ. आपल्या मसालेभाताचा आणि आमटीभाताचा जणू संसार. तट्टे इडली ताटलीएवढी पसरट, सेट डोसा म्हणजे मऊ, जाळीदार डोशांची चळत. मसाला डोशाला आतून लाल चटणी लावलेली असते, तिखट न चालणाऱ्यांनी आधीच सांगावं.

आता मधुमेहवाल्यांसाठी. बंगळुरूच्या सांबारात बऱ्याचदा गूळ असतो. मुंबई-पुण्याच्या सांबाराची सवय असेल तर पहिल्याच घासाला कळतं. फिल्टर कॉफी न सांगता साखर घालूनच येते, म्हणून ‘सक्करे बेडा’ म्हणजे ‘साखर नको’ हे दोन शब्द पाठ करा. ‘बिसी नीरु’ म्हणजे गरम पाणी, ‘साकु’ म्हणजे पुरे, आणि ‘स्वल्प’ म्हणजे थोडं. एवढ्या भांडवलावर आईनं आठ दिवस काढले.

कॉफीबद्दल एक गंमत. इथे ‘बाय टू’ ही सभ्य रीत आहे, कंजुषी नव्हे. एक कॉफी, दोन पेले. भारतातली जवळपास ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, तरी इथला माणूस ती अर्धी-अर्धी करून पितो, कारण दिवसात चार वेळा प्यायची असते.

बसून खायचं असेल तर

बसून खाण्याची जुनी परंपराही हाकेच्या अंतरावर आहे. बनशंकरीहून मेट्रोनं नॅशनल कॉलेज स्टेशनला उतरलात की गांधी बझार जवळ. तिथलं ‘विद्यार्थी भवन’ १९४३ पासून आहे. शुक्रवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा. बाहेर थांबावं लागतंच. पण तिथला वाढपी हातावर डोशांच्या ताटल्यांची उतरंड रचून येतो, खांद्यापर्यंत, आणि एकही ताटली न डगमगता एकेक टेबलावर उतरवतो. लालबागजवळचं ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ म्हणजे एमटीआर १९२४ चं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा तिथे रव्याची इडली केली गेली, असं एमटीआरवाले सांगतात. घरी आपण रवा इडली करतो तेव्हा तांदळाच्या टंचाईची ती आठवण ताटात असते.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारणच नाही. माटुंग्याचं ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. पुण्याचं ‘वैशाली’ जगन्नाथ शेट्टींनी नावारूपाला आणलं. किनारी कर्नाटकातल्या माणसांनी महाराष्ट्राला बाहेर इडली-डोसा खायला शिकवलं. आणि इथे बनशंकरीत एक खानापूरचा मुलगा कन्नड मेन्यू मराठीत समजावून सांगतो. देवाणघेवाण दोन्हीकडून चालू आहे.

विद्यार्थी भवनात आम्ही मंगळवारी गेलो. पाऊण तास बाहेर थांबलो. पण या वेळी बाबांनी गोळी खिशातच ठेवली होती आणि ताटली समोर आल्यावर घेतली.

बिल, आणि राहिलेला अभिप्राय

त्या रविवारच्या बिलात आणखी एक गोष्ट होती. खाली ‘सर्व्हिस चार्ज ५ टक्के’ छापलं होतं. हे नीट समजून घ्या, कारण ते जीएसटीच्या शेजारी असं बसलेलं असतं की करच वाटावा. साध्या रेस्टॉरंटमधला जीएसटी साधारणपणे ५ टक्के असतो आणि तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या की कुठल्याही हॉटेलनं तो आपोआप बिलात लावू नये, दुसऱ्या नावानंही नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरवल्या. तेव्हा बिलात दिसला तर शांतपणे ‘हा काढा’ म्हणा. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. लक्षात ठेवायला सोपा. बनशंकरीचं देऊळ बांधलं तेच साल.

आम्ही सांगितल्यावर तो काढला गेला. बाबांनी मग निघताना त्या मुलाच्या हातात स्वतःहून पैसे ठेवले. मी रागानं बघितलं तर म्हणाले, “हे त्याला पोचतील. ते छापलेले कुठे पोचले असते, कोणाला ठाऊक?”

सोमवारी दर्शिनीतून परतल्यावर मी अभिप्राय पुन्हा उघडला. मुलाचं नाव काढलं. ‘बेफिकीर’ काढलं. लिहिलं ते असं: ऑर्डर आत पोचली की नाही हे तपासायची सोय ठेवा. गर्दीच्या दिवशी आठ टेबलांना एक माणूस पुरत नाही. वेळ लागणार असेल तर आधी सांगा, कारण काही गिऱ्हाइकं औषध घेऊन बसलेली असतात. तारे दोनच दिले. चूक झाली होती आणि ती लहान नव्हती. माझे बाबा तिथे कोसळू शकले असते, हे मी ‘जाऊ दे’ म्हणून सोडणार नव्हते.

चार दिवसांनी उत्तर आलं. आभाराचं छापील वाक्य होतं. खाली एक ओळ वेगळी होती: ‘प्रिंटरबाबत व्यवस्था केली आहे.’ केली असेल किंवा नसेल. पुढच्या वेळी जाईन तेव्हा बघेन.

तुम्ही अभिप्राय लिहाल तेव्हा एवढंच करा. किती वाजता बसलात, किती वाजता जेवण आलं, काय मागवलं आणि काय मिळालं, हे लिहा. माणसावर शिक्का मारण्यापूर्वी एकदा विचारा की त्याच्यामागे स्वयंपाकघरात काय चाललं असेल. आणि चांगली वागणूक मिळाली तर तेही लिहा. ते आपण हटकून विसरतो.

पर्समध्ये ठेवायची एक गोष्ट

घरात कोणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल तर बाहेर जेवायला निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा की जेवणाला उशीर झाला तर काय करायचं. काही औषधांवर साखर झपाट्यानं उतरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची चिन्हं. अशा वेळी माणूस शुद्धीत असेल तर लगेच साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात घालून द्यावी. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यावी. बरं वाटलं की काहीतरी पोटभरीचं खायला द्यावं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा. आणि टेबलावर बसल्या बसल्या वाढणाऱ्याला स्पष्ट सांगा, ‘यांना शुगर आहे, आधी काहीतरी आणा.’ मी ते सांगितलं नव्हतं. संकोचानं.

आई-बाबा गावी परतले त्याला आता तीन महिने झाले. परवा आईचा फोन आला, पौषात बदामीला जायचं म्हणतेय, येताना पुन्हा तुझ्याकडे चार दिवस. बाबा मागून ओरडले, “त्या खुर्चीवाल्या हॉटेलात जायचं!” खुर्ची नसलेल्या हॉटेलाला आमच्या घरात आता हेच नाव पडलंय.

मी पर्समध्ये खडीसाखरेची पुडी ठेवते. त्या आजींचं नाव विचारायचं राहून गेलं.